झाकलेले शस्त्र : खिशातील रिव्हॉल्व्हर, परवाना-पद्धती आणि वर्धा परिसराचा अनुभव

१

आपल्याकडे शस्त्रांचा इतिहास लिहिला गेला तो मुख्यतः तलवार, तोफ आणि किल्ला यांच्या अनुषंगाने. ही सर्व शस्त्रे दिसणारी आहेत. तलवार कमरेला लटकते, तोफ बुरुजावर असते; ती दिसावीत हाही त्यांच्या प्रयोजनाचा एक भाग असतो. याउलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे शस्त्र खिशात राहण्यासाठी म्हणून घडविले गेले, त्याचा विचार इतिहासकारांनी स्वतंत्रपणे फारसा केलेला नाही. एखाद्या वधाच्या वा कटाच्या हकीकतीत त्याचा उल्लेख येतो आणि हकीकत संपली की तेही विस्मृतीत जाते.

प्रस्तुत निबंधात या खिशातील शस्त्राची, विशेषतः रिव्हॉल्व्हरची, निवड कोणत्या कारणांनी होत असे, त्याच्या घडणीत कोणते फेरफार केले जात आणि राज्यसंस्थेने या दोन्हींकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा विचार करावयाचा आहे. विवेचनाचे केंद्र वर्धा जिल्हा हे आहे. अहिंसेच्या प्रयोगाने जगाला ठाऊक झालेला जिल्हा या विषयाला निवडावा हे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु झाकलेले शस्त्र ही वस्तुतः विश्वासाची समस्या आहे, आणि तिला आधुनिक भारतात सर्वात टोकाचे उत्तर ज्या ठिकाणी दिले गेले ते ठिकाण सेवाग्राम होय. म्हणून ही निवड आम्हास अनाठायी वाटत नाही.

प्रारंभी परिभाषेचा खुलासा करणे अवश्य आहे. मराठी वृत्तपत्रांत पिस्तूल व रिव्हॉल्व्हर हे शब्द बहुधा समानार्थी म्हणून योजले जातात. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे एका फिरत्या चक्रात असतात आणि चाप ओढला किंवा घोडा चढविला की चक्र एक घर पुढे सरकते. स्वयंचलित पिस्तुलात ती मुठीतील चपट्या पेटीत एकावर एक रचलेली असतात आणि प्रत्येक बाराच्या जोराने पुढील काडतूस आपोआप नळीत येते. हा भेद केवळ यंत्रशास्त्राचा नाही. चक्रामुळे रिव्हॉल्व्हर मध्यभागी फुगीर असते, पिस्तूल सपाट असते. आणि वस्तू लपवावयाची म्हटले की फुगीर व सपाट हा फरक महत्त्वाचा ठरतो.

२

सॅम्युएल कोल्ट याने १८३६ मध्ये अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचे एकस्व मिळविले. पण त्याची प्रारंभीची प्रसिद्ध शस्त्रे घोडेस्वारासाठी होती. ती लांब, जड आणि खोगिराला किंवा कमरपट्ट्याला अडकविण्याजोगी असत. खिशाचे युग खऱ्या अर्थाने आले ते धातूच्या काडतुसांमुळे. इंग्लंडमधील वेब्ली कंपनीने १८६८ मध्ये आयरिश पोलिसांसाठी आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर काढले आणि १८७२ मध्ये ‘ब्रिटिश बुलडॉग’ नावाचे त्याहून लहान शस्त्र बाजारात आणले. बुलडॉगची नळी अवघी अडीच इंच, चक्रात पाच काडतुसे. मात्र गोळी जाड होती. कोटाच्या खिशात मावेल आणि चार-पाच पावलांवरून परिणाम करील, एवढीच अपेक्षा त्यात धरली होती. या नमुन्याच्या नकला बेल्जियमपासून अमेरिकेपर्यंत असंख्य निघाल्या.

खिशासाठी शस्त्र निवडताना चार गोष्टींचा मेळ घालावा लागे. पहिली नळीची लांबी. नळी आखूड केली की शस्त्र लपते, पण नेम ढळतो आणि गोळीचा वेग घटतो. दुसरी गोळीची जाडी. ती वाढविली की शस्त्र जड होते आणि लहान मुठीतून त्याचा धक्का सोसत नाही. तिसरी चक्रातील घरांची संख्या. सहाऐवजी पाच घरे ठेवली तर चक्राची जाडी कमी होते. चौथी गोष्ट वरकरणी क्षुल्लक, पण व्यवहारात निर्णायक, ती म्हणजे घोड्याचे टोक. खिशातून शस्त्र ओढून काढताना हे वर आलेले टोक अस्तरात अडकते. स्मिथ अँड वेसन कंपनीने १८८७ मध्ये घोडा पूर्णपणे आत झाकलेले रिव्हॉल्व्हर काढले आणि मूठ आवळल्याखेरीज बार उडणार नाही अशी योजना तिच्या मागील बाजूस केली, ती याच अडचणीवर उपाय म्हणून.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कोल्ट कंपनीतील जे. एच. फिट्झगेराल्ड याने हा विचार पुढे नेला. मोठ्या रिव्हॉल्व्हरची नळी तोडून आखूड करणे, घोड्याचे टोक कापणे, मूठ लहान करणे आणि चापाभोवतालच्या कड्याचा पुढील भाग काढून टाकणे असे फेरफार तो करीत असे. हा शेवटचा फेरफार धोक्याचा होता, कारण ते कडे चापाचे अनवधानाने होणाऱ्या स्पर्शापासून रक्षण करण्यासाठीच असते. १९२७ मध्ये त्याच कंपनीने दोन इंची नळीचे ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ कारखान्यातूनच तयार करून विकावयास आणले. कारागिराने एकेका गिऱ्हाइकासाठी केलेला बदल अशा रीतीने कारखान्याचा नमुना बनला. ब्रिटिश सैन्यातही तसेच घडले. १९३८ मध्ये एनफील्ड रिव्हॉल्व्हरचा जो सुधारित प्रकार आला त्यात घोड्याचे टोक काढून टाकले होते. रणगाड्यातील सैनिकांचे रिव्हॉल्व्हर आतील अरुंद जागेत अडकत असे, हे त्याचे कारण. दुसऱ्या महायुद्धात हा प्रकार हिंदी सैन्यातही पोचला.

येथवरच्या विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. खिशातील शस्त्राची प्रत्येक सोय कोणत्या तरी सुरक्षिततेच्या वा अचूकतेच्या मोबदल्यात मिळते. जे लवकर निघते ते अवेळी उडण्याचा संभव वाढतो. जे नीट लपते ते दूरवर लागत नाही. लपविण्याची अट एकदा मान्य केली की शस्त्र जवळच्या माणसापुरते उरते. हाच त्याचा सामाजिक अर्थ होय. लांब बंदूक जनावरावर, पिकाच्या राखणीसाठी किंवा युद्धात चालते. आखूड रिव्हॉल्व्हर बोलण्याच्या अंतरावरील माणसावर चालते.

३

आता हे शस्त्र हिंदुस्थानात कोणत्या कायद्याच्या चौकटीत आले ते पाहू. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला, म्हणजे त्याची निर्मितीच १८५७ नंतरच्या निःशस्त्रीकरणाच्या काळातील आहे. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा संमत झाला आणि परवान्याखेरीज शस्त्र घेऊन फिरणे हा गुन्हा ठरला. युरोपीय लोकांना या कायद्याच्या प्रमुख बंधनांतून सूट होती. ही वांशिक विषमता पहिल्या महायुद्धानंतरच्या नियमांनी दूर झाली. तोपर्यंत वेब्लीचे रिव्हॉल्व्हर साहेबाच्या टेबलाच्या खणात कायदेशीर होते आणि तेच शस्त्र मालगुजाराच्या घरी परवान्याच्या कागदावाचून गुन्ह्याचा पुरावा होते.

या कायद्यातील एका बारकाव्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. एकोणिसाव्या कलमाने सामान्य उल्लंघनास तीन वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली होती. परंतु तेच कृत्य सरकारी नोकरास कळू नये अशा उद्देशाने केले असेल, तर विसाव्या कलमान्वये शिक्षा सात वर्षांपर्यंत जाई. लपविणे हा स्वतंत्र आणि अधिक गंभीर दोष मानला गेला होता. उघड उल्लंघन करणारा प्रजाजन अवज्ञा करतो, झाकून करणारा कट करतो, असे या दोन कलमांमागील गृहीतक होते.

हे गृहीतक ध्यानी घेतले म्हणजे १९२७ मध्ये नागपुरात झालेल्या शस्त्र-सत्याग्रहाचे वैशिष्ट्य समजते. ‘जनरल’ म्हणून ओळखले जाणारे मंचरशा आवारी आणि त्यांचे सहकारी यांनी तलवारी हाती घेऊन भर रस्त्यातून मिरवणूक काढली व शस्त्र कायदा जाणूनबुजून मोडला. बंगालमधील राजबंद्यांची सुटका ही त्यांची एक मागणी होती. आवारींना शिक्षा झाली आणि तुरुंगात त्यांनी दीर्घ उपोषण केले. गांधीजींनी या चळवळीस संमती दिली नव्हती. शस्त्र हाती घेऊन केलेल्या कायदेभंगास सत्याग्रह म्हणता येईल काय, असा त्यांचा मूलभूत आक्षेप होता. तथापि आवारींचे शस्त्र उघडे होते, हे विसरता कामा नये. ते वापरण्यासाठी नव्हते, दाखविण्यासाठी होते. या अर्थाने तलवारीची ती मिरवणूक खिशातील रिव्हॉल्व्हरच्या अगदी विरुद्ध टोकाला उभी राहते.

गांधीजींची शस्त्र कायद्याविषयीची भूमिका पुष्कळदा एकांगी रीतीने सांगितली जाते. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचा प्रचार करताना त्यांनी या कायद्याची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली होती आणि आत्मचरित्रातही त्या भूमिकेचा उल्लेख केला आहे. १९२८ चा नेहरू अहवाल आणि १९३१ चा कराची काँग्रेसचा ठराव या दोहोंत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांत समाविष्ट होता. सक्तीने निःशस्त्र होणे आणि स्वेच्छेने शस्त्र खाली ठेवणे यांतील अंतर राष्ट्रीय चळवळीने सदैव ओळखले होते. ज्याला शस्त्र धरताच येत नाही त्याच्या अहिंसेस मोल नाही, या विचाराचे बीज येथे आहे.

४

ज्यांनी दुसरा मार्ग पत्करला त्या मराठी क्रांतिकारकांच्या शस्त्रनिवडीचा क्रम पाहण्याजोगा आहे. २२ जून १८९७ रोजी पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. दोन्ही बार अगदी जवळून झाले आणि पिस्तुलांच्या जोडीस तलवारीही आणलेल्या होत्या. बारावर संपूर्ण भरवसा नव्हता याचे हे चिन्ह होय. बारा वर्षांनी, २१ डिसेंबर १९०९ रोजी, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन याचा वध केला तो ब्राउनिंग पिस्तुलाने. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन याच्याबरोबर पाठविलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी ते एक होते, आणि ती पिस्तुले पेटीच्या दुहेरी तळात दडवून आणलेली होती. सपाट आकाराचे पिस्तूल पेटीच्या तळातही राहते आणि कोटातही. शस्त्राचा आकार व कटाची रीत यांचा संबंध याहून स्पष्ट क्वचितच दिसेल.

२२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसन याच्यावर जवळून रिव्हॉल्व्हर झाडले. गोळी खिशातील पाकिटाच्या धातूच्या बटणावर अडली आणि हॉटसन वाचला. या तिन्ही प्रसंगांत पोषाखाचा भाग दुर्लक्षिण्याजोगा नाही. धोतर आणि सदरा यांत रिव्हॉल्व्हर लपणे कठीण. जड वस्तूने कापड ओढले जाते आणि फुगवटा दिसतो. कोट प्रचारात आला आणि त्याच्या आतील खिशाने शस्त्राला जागा दिली. पाश्चात्त्य शस्त्राबरोबर पाश्चात्त्य पोषाखाचीही गरज लागली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

या परंपरेतील एक धागा थेट वर्धा जिल्ह्यात येतो. गदर पक्षाचे क्रांतिकारक पृथ्वीसिंह आझाद हे ऑक्टोबर १९३० मध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरील गोळीबाराशी संबंधित होते. अनेक वर्षे भूमिगत राहिल्यानंतर मे १९३८ मध्ये त्यांनी जुहू येथे गांधीजींची भेट घेतली, आपला पूर्वेतिहास त्यांच्यापुढे मांडला आणि त्यांच्या सल्ल्याने स्वतःस सरकारच्या स्वाधीन केले. सुटकेनंतर ते काही काळ सेवाग्रामी राहिले. पुढे ते त्या मार्गावरून दूर गेले, तरी या प्रसंगाचे महत्त्व कमी होत नाही. ज्याने आयुष्याची ऐन वर्षे झाकलेल्या नावाने व झाकलेल्या शस्त्राने काढली, त्याच्याकडून गांधीजींनी पहिली अपेक्षा केली ती उघडे होण्याची. शस्त्र टाकणे त्यानंतरचे.

५

गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्यास आले आणि १९३६ मध्ये शेगाव येथे राहावयास गेले; १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथील कुटी कुडामातीची होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मज्जाव नव्हता. सप्टेंबर १९४४ मध्ये, जिनांशी वाटाघाटी करण्यासाठी गांधीजी मुंबईस निघण्याच्या वेळी, त्या भेटीस विरोध करणारे काही तरुण सेवाग्रामी येऊन निदर्शने करीत होते. गांधीजींना जाऊ न देण्याचा त्यांचा निर्धार होता. गांधीजींची तयारी त्यांच्यामधून पायी चालत वर्ध्यापर्यंत जाण्याची होती. अनर्थ टाळण्यासाठी पोलिसांनी त्या तरुणांना अटक केली आणि झडतीत एकाजवळ सुरा सापडला. प्यारेलाल यांनी ही हकीकत नोंदविली असून महात्मा गांधींच्या वधाच्या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाच्या १९६९ च्या अहवालातही ती आली आहे.

सुरा हे रिव्हॉल्व्हर नव्हे. पण झाकलेल्या शस्त्राचा सेवाग्रामच्या भूमीवरील तो अधिकृत कागदपत्रांत नोंदला गेलेला प्रसंग आहे, आणि त्यापासून दिल्लीपर्यंतची वाट समजून घेण्यास तो उपयुक्त आहे. पुण्यातील दिगंबर बडगे याचे ‘शस्त्र भांडार’ जांबिये, सुरे, वाघनखे असा माल विकत असे. अशा दुकानाच्या दर्शनी भागात सुरा ठेवता येई. रिव्हॉल्व्हर मात्र आतल्या व्यवहाराची वस्तू होती. जानेवारी १९४८ च्या कटात रिव्हॉल्व्हर मिळविण्यासाठी झालेली धावपळ या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे.

त्या कटातील शस्त्रनिवडीचे तपशील न्यायालयीन साक्षीतून उजेडात आले आहेत. २० जानेवारी रोजी सकाळी दिल्लीत हिंदू महासभा भवनामागील झाडीत दोन रिव्हॉल्व्हरची चाचणी घेण्यात आली. गोपाळ गोडसे याने आणलेल्या रिव्हॉल्व्हरचे चक्र नीट चालेना. दुसऱ्याची गोळी समोरच्या झाडापर्यंत पोचली नाही. गोपाळने ते बिघडलेले शस्त्र दुरुस्त करण्याची खटपट केली. सायंकाळी बिर्ला भवनात मदनलाल पाहवा याने स्फोट घडविला. पण बडगेचा धीर सुटला होता. त्याने आपले व आपल्या नोकराचे शस्त्र टॉवेलात गुंडाळून मोटारीतील पिशवीत ठेवून दिले होते. त्यानंतर नथुराम गोडसे व नारायण आपटे यांनी २७-२८ जानेवारीस ग्वाल्हेरहून मिळविले ते रिव्हॉल्व्हर नसून इटालियन बनावटीचे बेरेटा पिस्तूल होते. ३० जानेवारी रोजी त्यातूनच तीन गोळ्या झाडल्या गेल्या.

येथे यंत्राच्या इतिहासाला अवास्तव महत्त्व देण्याचा आमचा हेतू नाही. कट यंत्रामुळे घडत नाही. तथापि एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. परवान्याबाहेरच्या बाजारात ज्याला शस्त्र घ्यावे लागते त्याला निवड अशी नसतेच. जे मिळेल ते घ्यावे लागते. कोण्या सैनिकाने युद्धावरून आणलेले, कोणी मोडके म्हणून बदलून दिलेले, कोणी तेल न घालता पुरून ठेवलेले, असा तो माल असतो. १९४८ च्या जानेवारीतील पहिला प्रयत्न फसण्यास माणसाची भीती जितकी कारण झाली तितकेच हे शस्त्रही साक्षी आहे. उणे दहा दिवसांत भरून काढले गेले, आणि त्या दहा दिवसांत दुसऱ्या बाजूस काय घडले हाच खरा प्रश्न आहे. स्फोटानंतर प्रार्थनेस येणाऱ्यांची झडती घ्यावी असे पोलिसांनी सुचविले. गांधीजींनी ते नाकारले. हा नकार दिल्लीत अकस्मात उद्भवलेला नव्हता. सेवाग्रामच्या उघड्या कुटीचाच तो नियम होता. प्रत्येक अंगरखा चाचपून मगच प्रार्थनेस बसावयाचे असेल तर प्रार्थनेचा अर्थ उरत नाही, हे त्यामागील तर्कशास्त्र. त्याची किंमत केवढी होती हे आपणास ठाऊक आहे. परंतु त्या किमतीवरून तर्क चुकीचा होता असे सिद्ध करता येत नाही. तो तर्क किती महाग आहे एवढेच सिद्ध होते.

६

स्वातंत्र्यानंतर प्रश्न संविधान सभेसमोर आला. डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. कराची ठरावाशी सुसंगत अशीच ती होती. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. सर्वांना समान हक्क द्यावयाचा म्हटल्यास चोर-दरोडेखोरांनाही तो नाकारता येणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. दुरुस्ती फेटाळली गेली. गांधीवधानंतरच्या पहिल्याच वर्षातील हा निर्णय आहे, हे लक्षात ठेवणे इष्ट.

पुढे १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. या कायद्याच्या तेराव्या कलमात आपल्या विषयाची किल्ली आहे. संरक्षण वा शिकार यांसाठी वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची गुळगुळीत बंदूक, किंवा पिकांच्या रक्षणासाठी तोंडाने भरावयाची बंदूक मागणाऱ्या नागरिकास परवाना द्यावा अशी मूळ भूमिका आहे. इतर शस्त्रांसाठी, म्हणजे रिव्हॉल्व्हरसाठीही, अर्जदाराने सबळ कारण दाखविले पाहिजे. सहावे कलम परवान्यावाचून नळी आखूड करण्यास मनाई करते. फिट्झगेराल्ड ज्या कामासाठी प्रसिद्ध झाला ते काम भारतात कोणी आपल्या कार्यशाळेत केले तर तो गुन्हा होय. वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याची रानडुकरे हाकलण्याची बंदूक आणि व्यापाऱ्याच्या खिशातील रिव्हॉल्व्हर यांत कायदा जो भेद करतो तो अखेर इंचांत मोजला जातो. लांब नळीवर राज्याचा विश्वास आहे, कारण ती लपत नाही.

परवानाधारकाच्या निवडीला याही पलीकडे मर्यादा पडल्या. सैन्य व पोलीस वापरतात त्या काडतुसांची शस्त्रे सामान्य नागरिकास वर्ज्य ठरली. परिणामी ०.३२ इंची रिव्हॉल्व्हर हेच खाजगी परवान्यावरील प्रमुख शस्त्र बनले. १९८० च्या दशकात खाजगी आयात बंद झाल्यावर जुन्या वेब्ली व स्मिथ अँड वेसन शस्त्रांची किंमत त्यांच्या गुणांच्या मानाने अवाच्या सवा वाढली. कानपूर येथील सरकारी कारखान्यांनी जुन्या वेब्लीच्या धर्तीवर, मधोमध मोडून उघडणारे ०.३२ इंची रिव्हॉल्व्हर काढले. २०१४ मध्ये ‘निर्भीक’ आले. सुमारे अर्धा किलो वजनाचे हे शस्त्र स्त्रियांच्या पर्समध्ये राहावे अशा कल्पनेने घडविलेले होते आणि त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’ या रिव्हॉल्व्हरचे चक्र बाजूस उघडते. ही रचना पाश्चात्त्य देशांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच रूढ झाली होती. ज्या बाजारात गिऱ्हाइकास पर्याय नाही तेथे वस्तूची सुधारणा किती सावकाश होते याचे हे उत्तम उदाहरण होय.

वर्ध्याचे हवामानही या शस्त्रास अनुकूल नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपुढे जातो. अंगालगत ठेवलेल्या पोलादावर घामाचे क्षार बसतात, आणि लगेच पावसाळ्याची दमट हवा येते. चामडी खोळ ओलावा धरते व गंज आतून चढतो. मिळणारी काडतुसे परवान्यावरील मर्यादेत असल्याने सराव बेताचाच होतो. दररोज बाळगलेले, क्वचित साफ केलेले आणि जवळजवळ कधीच न झाडलेले शस्त्र ऐन वेळी मालकापेक्षा इतरांस अधिक सुरक्षित असते की मालकालाच घातक ठरते, हा प्रश्न परवाना मागणाऱ्या प्रत्येकाने स्वतःस विचारण्याजोगा आहे.

७

या दीर्घ कथेचा शेवट एका विरोधाभासात होतो. १८७८ च्या कायद्याने लपविण्यास अधिक मोठी शिक्षा सांगितली होती. २०१६ च्या शस्त्र नियमांनी मात्र सार्वजनिक ठिकाणी शस्त्र नेताना ते खोळीत ठेवून पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा असला पाहिजे असे बंधन घातले. शस्त्र मिरविणे हा दोष ठरला. एकशे अडतीस वर्षांत झाकणे हे अपराधाच्या लक्षणापासून नागरिकाच्या कर्तव्यापर्यंत आले. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगण्याची मुभा उरली, म्हणजे शस्त्रांची संख्या घटली आणि अदृश्यता वाढली.

या बदलामागील कारण समजण्यासारखे आहे. लग्नाच्या वरातीत बार उडविणारा, निवडणुकीच्या सभेत कमरेचे रिव्हॉल्व्हर दाखविणारा मनुष्य समाजास धाक घालतो. तो धाक राज्यास नको आहे. परकीय राज्यास प्रजेच्या गुप्ततेची भीती होती; स्वकीय राज्यास नागरिकाच्या प्रदर्शनाची भीती आहे. दोन्ही कायदे आपापल्या राज्याच्या भयाचे आरसे आहेत, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने शस्त्र कायदा वाचावा तो या दृष्टीने.

परंतु कायद्याने झाकण्याची आज्ञा दिली म्हणून मूळ समस्या सुटत नाही. शेजारी बसलेल्या माणसाच्या कोटात काय आहे हे आपणास कळत नाही आणि आपल्या कोटात काय आहे हे त्यास कळत नाही. या स्थितीत समाज कोणत्या आधारावर एकत्र बसतो? परवाना-पद्धतीचे उत्तर असे की जिल्हाधिकाऱ्याने चौकशी केलेली आहे, त्यावर विश्वास ठेवावा. सेवाग्रामचे उत्तर असे की विश्वास आधी ठेवावा, चौकशी करू नये. पहिले उत्तर व्यवहार्य आहे आणि त्यावर राज्य चालते. दुसरे उत्तर एका माणसाने स्वतःच्या देहावर घेतले आणि त्याचा परिणाम भोगला. ज्या जिल्ह्यात बापू कुटी आहे त्याच जिल्ह्यात पुलगाव येथे दुसऱ्या महायुद्धापासून दारूगोळ्याचे विशाल भांडारही आहे. ही दोन स्थळे एकमेकांपासून फारशी दूर नाहीत. वर्ध्याचा इतिहास लिहिणाऱ्याने त्यांपैकी एकाचाच विचार करून चालणार नाही, आणि त्या दोहोंच्या मधल्या रस्त्याने जाणाऱ्या सामान्य माणसाच्या खिशाकडेही त्याने दुर्लक्ष करू नये, एवढेच प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.